उभ्यानें सोसायचा आजार

विमा आणि शिक्षक यांची ओळख जुनी आहे. विमा उतरविणें म्हणजे मरणाला आगाऊ निमंत्रण देणें असें ज्या काळीं घरोघर समजलें जात असे, त्या काळींहि मास्तरांच्या ट्रंकेच्या तळाशीं एखादी पॉलिसी सांपडावयाचीच. याचीं कारणें दोन. एक तर मागें ठेवावयाला त्यांच्याजवळ दुसरें कांहीं नसे. आणि दुसरें म्हणजे विम्याची एजन्सी बहुधा त्याच शाळेंतल्या दुसऱ्या एखाद्या मास्तरांकडे असे. या धंद्याचा आपल्याकडील आरंभहि मोठा उद्बोधक आहे. इंग्रजी कंपन्या हिंदी माणसाच्या जिवाचा विमा उतरवीत, पण गोऱ्या माणसापेक्षां जास्त हप्ता घेऊन. मुंबईंत १८७० सालीं निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेनें हिंदी जिवाचा विमा नेहमींच्या दरानें उतरविण्यास सुरुवात केली, तेव्हां कोठें तो भेद मोडूं लागला. पुढें १९५६ त आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण झालें, १९८६ त इस्पितळाचा खर्च भरून देणारा मेडिक्लेम आला, आणि शिक्षकानें मरणाप्रमाणेंच शरीराच्या दुखण्याचीहि तरतूद करून ठेविली. मनाच्या दुखण्याची तरतूद करावी हें मात्र त्याला आणि विमा कंपनीला सारख्याच उशिरां सुचलें.

हा विषय माझ्याकडे आला तो वाचनांतून नव्हे. सोलापुरांतील शिक्षकांच्या एका लहानशा सहकारी पतसंस्थेच्या संचालक मंडळावर मी गेलीं कांहीं वर्षें आहें. कर्जाचे अर्ज वाचतां वाचतां माणसांच्या घरांत डोकावावयास मिळतें. मुलीचें लग्न, घराची दुरुस्ती, मुलाची फी हीं नेहमींचीं कारणें. दोन वर्षांपूर्वीं तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या एका तरुण प्राध्यापकाचा अर्ज आला. त्यांत कारणाच्या रकान्यांत ‘औषधोपचार’ एवढाच शब्द होता. कोणाचे, असें मीं सहज विचारलें. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “माझेच, सर. पण तें अर्जांत कसं लिहायचं?”

त्याची हकीकत अशी होती. वर्गांत शिकवितांना एकाएकीं त्याची छाती धडधडूं लागे, तळहातांना घाम सुटे, आणि आतां आपण येथेंच कोसळणार असें वाटे. हृदयरोगाच्या डॉक्टरांनीं सर्व तपासण्या करून हृदय निर्दोष असल्याचें सांगितलें आणि त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविलें. निदान झालें, औषध लागू पडलें. पण तपासणीचे आणि गोळ्यांचे मिळून महिन्याला पंधराशें रुपये होऊं लागले. सकाळीं एका महाविद्यालयांत आणि दुपारीं दुसऱ्यांत तो शिकवी, आणि जितके तास तितके पैसे मिळत. उन्हाळ्याच्या सुटींत तास नाहींत, म्हणून पैसेहि नाहींत. औषधाला मात्र सुटी नसते. मे महिन्यांत त्यानें गोळ्या थांबविल्या. जूनमध्यें वर्ग उघडले आणि धडधड पुन्हा सुरू झाली. त्याचा प्रश्न साधा होता: आपल्यासारख्या मास्तराला परवडेल असा या आजाराचा विमा कुठें मिळतो कां? संस्थेच्या वतीनें या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचें काम मीं अंगावर घेतलें.

प्रथम मीं कायद्याकडे वळलों आणि प्रसन्न झालों. आपण केवढा पल्ला गाठला आहे! १८५८ चा कायदा वेड्यांच्या इस्पितळांचा होता. १९१२ च्या कायद्याच्या नांवांतच ‘ल्युनसी’ हा शब्द होता. या माणसापासून इतरांचें रक्षण कसें करावें, हा त्या काळच्या कायद्याचा मुख्य प्रश्न. १९८७ त त्याच्या जागीं मानसिक आरोग्याचा कायदा आला, आणि २०१७ त मानसिक आरोग्य सेवा कायदा संमत होऊन २९ मे २०१८ पासून अंमलांत आला. त्यानें प्रश्नच उलटा केला: या माणसाचे हक्क कोणते? त्याच्या एकविसाव्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, शरीराच्या आजाराला ज्या पायावर विमा मिळतो त्याच पायावर मनाच्या आजारालाहि प्रत्येक विमा कंपनीनें तो दिला पाहिजे. विमा नियामक प्राधिकरणानें ऑगस्ट २०१८ मध्यें कंपन्यांना तशी आज्ञा दिली. तरी मनाचा आजार वगळणारीं जुनीं कलमें पॉलिसींत राहिलींच. २०२१ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें अशाच एका नाकारलेल्या दाव्याच्या प्रकरणांत विमाधारक स्त्रीच्या बाजूनें निकाल दिला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्यें प्राधिकरणानें त्या महिन्याअखेर सर्व पॉलिसींत हा आजार समाविष्ट झाला पाहिजे असें पुन्हा बजावलें. एवढें वाचून झाल्यावर माझ्या तरुण मित्राला शुभवर्तमान कळविण्यास हरकत नव्हती.

पण ‘त्याच पायावर’ हे शब्द मीं पुन्हा वाचले, आणि मग पॉलिसीचा बारीक टाइप वाचला. शरीराच्या आजाराला विमा मिळतो तो कोणत्या पायावर? तर सामान्यतः रोगी निदान चोवीस तास इस्पितळांत निजला पाहिजे, या पायावर. तापाच्या रोग्यानें दवाखान्यांत जाऊन औषध आणलें तर त्याला कंपनी कांहीं देत नाहीं. म्हणून उदास मनाच्या रोग्यानें तसें केलें तर त्यालाहि ती कांहीं देत नाहीं. समता अगदीं काटेकोर आहे! परंतु दोन भिन्न वस्तूंना एकाच मापानें मोजलें म्हणजे न्याय होतोच असें नाहीं. मोडलेलें हाड आणि फुटलेलें अपेंडिक्स माणसाला खाटेवर नेतात. मनाचा आजार बहुतेकांना खाटेवर नेत नाहीं. तो महिनोन्‌महिने गोळ्या, तपासणी आणि समुपदेशन मागतो, आणि रोगी त्या काळांत आपलें काम करीत असतो. शिक्षकाच्या बाबतींत तर ही गोष्ट फारच खरी आहे. आमचा धंदाच उभ्यानें करावयाचा. हातांत खडू, समोर साठ मुलें, आणि आंत जें काय चाललें असेल तें आंतच. कायद्यानें आम्हांला दिलेली समता ही खाटेवरची समता आहे, आणि आमचा आजार उभ्यानें सोसायचा आहे.

बाह्यरुग्णाचा खर्च देणाऱ्या पॉलिसी निघाल्या आहेत हें खरें. त्यांचा हप्ता वेगळा आणि वर्षाची मर्यादा आंखडती. शिवाय आजार आधींपासूनचा असेल तर कंपनी थांबावयास लावूं शकते. पूर्वीं ही मुदत चार वर्षांपर्यंत असे, ती २०२४ सालीं तीन वर्षांवर आली. आणखी एक अडचण व्याख्येची. २०१७ च्या कायद्यांतील व्याख्येप्रमाणें मानसिक आजार म्हणजे विचार, भावना, आकलन, भान किंवा स्मृति यांतील असा ठळक विकार, कीं ज्यानें निर्णयशक्ति, वर्तन, वास्तवाची ओळख किंवा नित्याचे व्यवहार करण्याची क्षमता यांना मोठीच बाधा येते. जो मनुष्य सकाळीं सातच्या तासाला वेळेवर हजर असतो, त्याच्या नित्याच्या व्यवहारांना मोठी बाधा आली आहे असें कोण मानील? कामावर येत राहणें हाच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरावयाचा.

यांतील एका गोष्टीचा अनुभव मला घरचा होता. सहा वर्षांपूर्वीं माझी पत्नी वारली. त्यानंतर वर्षभर मला झोप येत नसे, वाचलेलें पान डोक्यांत शिरत नसे, आणि एका सुज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यानें मीं दीड वर्ष औषध घेतलें. बरा झालों. नंतर एका कंपनीची आरोग्य पॉलिसी घ्यावी म्हणून अर्ज भरतांना प्रश्न आला: ‘पूर्वीं कधीं मानसिक आजारासाठीं उपचार घेतले आहेत कां?’ समोर बसलेला विमा-प्रतिनिधि माझाच जुना विद्यार्थी होता. तो हळूच म्हणाला, “सर, तेवढं सोडून द्या की. झोपेची गोळी कोण नाही घेत?” मीं ‘होय’ लिहिलें आणि औषधाचें नांवहि लिहिलें. दोन महिन्यांनीं कंपनीकडून एका ओळीचें उत्तर आलें: प्रस्ताव स्वीकारतां येत नाहीं. माझा रक्तदाब आणि माझी साखर यांबद्दल तिची कांहीं तक्रार नव्हती.

त्या नकाराचें दुःख मला फारसें झालें नाहीं. एवीतेवी मी नोकरीच्या अखेरच्या टप्प्यावर आहें. परंतु त्या प्रतिनिधीचें वाक्य मात्र मनांत घोळत राहिलें, कारण तो मुलगा लबाड नव्हता. ज्या रकान्यांत खरें लिहिणाऱ्याला दंड होतो आणि गाळणाऱ्याला पॉलिसी मिळते, त्या रकान्यानें त्याला हें शहाणपण शिकविलें होतें. हिंदी जिवावर जादा हप्ता आकारण्याची रीत गेली. कबुलीवर जादा हप्ता आकारण्याची रीत राहिली. आणि रकाना गाळणाऱ्याचेंहि पुढें कल्याण होतें असें नाहीं. दावा करण्याची वेळ येते तेव्हां कंपनी जुने कागद उकरते आणि माहिती दडविली म्हणून दावा फेटाळते. म्हणजे खरें लिहिणाऱ्याला विमा नाहीं आणि न लिहिणाऱ्याला विश्वास नाहीं.

यावर कोणी म्हणतील कीं, शिक्षकाला सरकारकडून वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ति मिळते ना? ज्यांची नोकरी अनुदानित पदावर कायम आहे त्यांना मिळते, आणि नियमांत बसणाऱ्या उपचारांपुरती मिळते. माझ्या तरुण मित्रासारख्यांना ती वाटच नाहीं. ज्यांना आहे त्यांचीहि पावलें तिकडे वळत नाहींत, याचें कारण बिलाचा प्रवास. डॉक्टरांचें प्रमाणपत्र, औषधांच्या चिठ्ठ्या आणि रोगाचें नांव हें सारें लेखनिकाच्या टेबलावरून मुख्याध्यापकांकडे किंवा प्राचार्यांकडे जातें, तेथून पुढच्या कचेरींत, आणि प्रत्येक टेबलावर कोणीतरी तें वाचतो. रोग्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क नव्या कायद्यानें दिला आहे आणि तो डॉक्टर पाळतातहि. पण फाईलीला तोंड नसलें तरी ती बोलते. मधुमेहाचें बिल लावणाऱ्या शिक्षकाला सहकारी पथ्य विचारतात. मनाच्या औषधाचें बिल लावणाऱ्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं, आणि त्याला तेंच जास्त लागतें. आपल्याकडे येरवडा आणि ठाणें या गांवांचीं नांवें थट्टेंत कशीं घेतलीं जातात हें सर्वांना ठाऊक आहे. नागपूर आणि रत्नागिरी धरून राज्याचीं चार मनोरुग्णालयें. तेथें पिढ्यान्‌पिढ्या माणसांची शुश्रूषा झाली, पण भाषेनें त्यांतून उचलला तो फक्त शेरा. ज्याच्या स्वाधीन आपलीं मुलें करावयाचीं त्या मास्तराबद्दल असा शेरा उठला, तर त्याची अब्रू कोणती पॉलिसी भरून देणार?

सरकारी रुग्णालयांतील मनोविकार विभागांत अल्प खर्चांत चांगले उपचार होतात, हें मीं माझ्या मित्राला सांगितलें. तो तेथें जाऊन आला होता. औषध ठीक होतें. पण बाकावर त्याच्या शेजारीं त्याच्याच वर्गांतली विद्यार्थिनी आपल्या आईला घेऊन बसली होती. दोघांनींहि एकमेकांना ओळखलें नाहीं असें दाखविलें. त्यानंतर तो गेला नाहीं. खरें पाहतां त्या बाकावर मास्तर आणि विद्यार्थिनी शेजारीं बसावीं हीच सुधारणेची खूण. पण सुधारणेचा पहिला मानकरी होण्याचें धैर्य पोटावर हात असलेल्या माणसाकडून अपेक्षिणें मला योग्य वाटत नाहीं. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सरकारनें ‘टेलि-मानस’ नांवाची दूरध्वनिसेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. रात्रीं अपरात्रीं नांव न सांगतांहि तेथें बोलतां येतें. त्याला तो क्रमांक दिला, आणि त्याचा त्याला उपयोग झाला. पण क्रमांकावर धीर मिळतो; औषधाचे पैसे मिळत नाहींत.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेनें २०१५-१६ सालीं केलेल्या राष्ट्रीय पाहणींत शंभर प्रौढांपैकीं सुमारें दहांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचें आढळलें, आणि विकाराच्या प्रकाराप्रमाणें शेंकडा सत्तर ते ब्याण्णव रोग्यांपर्यंत उपचार पोंचलेलेच नव्हते. आमच्या पतसंस्थेचे सभासद चारशें. हिशेब ज्याचा त्यानें करावा.

हा शोध चालू असतां होटगी रस्त्यानें जाण्याचा योग वारंवार येई, आणि मनांत एक तुलना येई. सोलापूर हें गिरण्यांचें गांव. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णु हीं नांवें आतां वृद्धांच्या बोलण्यांत उरलीं. पण गिरणीकामगारांसाठीं १९४८ च्या कायद्यानें जो राज्य कामगार विमा सुरू झाला त्याचें रुग्णालय गांवांत आहे. त्या विम्याची रचना पाहण्यासारखी आहे. वर्गणी पगाराच्या प्रमाणांत: २०१९ पासून कामगाराचे शेंकडा पाऊण आणि मालकाचे सव्वातीन रुपये. पूर्वीं कोणता आजार होता हें विचारावयाचें नाहीं. खाटेवर निजण्याची अट नाहीं; दवाखान्यांत जावें, तपासून घ्यावें, औषध घेऊन कामावर जावें. दीर्घ आजारांत पगाराचा मोठा भाग देण्याची जी यादी आहे तींत मनोविकृतीहि आहे. ज्यांनीं ही योजना आंखली त्यांनीं कामगाराचा आजार उभ्यानें सोसण्याचा असतो हें ओळखलें होतें. माझा पदव्युत्तर पदवीधर मित्र मिळकतीनें त्या कामगाराच्या रांगेंतला. पण विम्याच्या रांगेंत त्याला जागा नव्हती.

आम्ही पतसंस्थेतर्फे गटविम्याचे दर मागविले. गटविम्याचा एक मोठा गुण असा कीं, त्यांत एकेकट्याला तो प्रश्न बहुधा विचारीत नाहींत आणि आधींचा आजारहि बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात. इस्पितळाच्या खर्चापुरता दर आम्हांला परवडण्यासारखा होता, आणि तो विमा आम्ही घेतला. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील शेंकडा अठराचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला, ती सवलत गटविम्याला मिळाली नाहीं. तरीहि हिशेब जमला. परंतु बाह्यरुग्णाचा खर्च त्यांत घाला म्हणतांच हप्ता असा वाढला कीं, माझा मित्र वर्षाला औषधासाठीं जें देतो त्याच्या जवळपास तो गेला. प्रथम मला कंपनीचा राग आला. मग गणिताच्या एका सहकाऱ्यांनीं समजावून सांगितलें: विमा असतो तो अनिश्चिताचा. घराला आग लागेल कीं नाहीं हें ठाऊक नसतें, म्हणून शंभर घरांनीं थोडें थोडें देऊन एका घराचें नुकसान भरतां येतें. दरमहा घ्यावयाची गोळी ही निश्चित गोष्ट आहे. निश्चित खर्चाचा विमा मागाल तर कंपनी तुमचेच पैसे आपली मजुरी कापून तुम्हांला परत देणार. त्यांचें म्हणणें खरें होतें. आमच्या हातीं योग्य वस्तु येईना, कारण आम्ही ती चुकीच्या दुकानांत मागत होतों.

मग योग्य दुकान कोणतें? फ्रान्समध्यें शिक्षकांनीं या प्रश्नाला उत्तर दिलें आहे. दुसरें महायुद्ध संपल्यावर, १९४६ सालीं, तेथील शिक्षकांनीं आपली परस्पर-साहाय्य संस्था काढली. नफ्यासाठीं नव्हे, सर्वांनीं वर्गणी द्यावयाची आणि ज्याला लागेल त्यानें घ्यावयाचें. या संस्थेनें १९५९ सालीं पॅरिसजवळ ला व्हेरिएर येथें मनोरुग्णालयहि उघडलें. शिक्षकाचें मन थकतें हें तेथील शिक्षकांनींच मान्य केलें, आणि मान्य करून लाजण्याऐवजीं वर्गणी गोळा केली. आपल्याला हें अपरिचित वाटण्याचें कारण नाहीं. भिशी, पतपेढी आणि अडल्या घरीं गुपचूप पोंचविलेलें धान्य या सर्वांची जात तीच आहे.

गेल्या वर्षीं आम्ही सभासदांच्या सभेपुढें एक लहान ठराव मांडला. प्रत्येक सभासदानें महिना पन्नास रुपये द्यावेत. तासिकेवरील शिक्षकांना नाममात्र सभासद करून घेऊन त्यांच्याकडून दहा घ्यावेत. आणि या निधींतून मनाच्या आजाराची तपासणी, समुपदेशन व औषधें यांचा खर्च द्यावा. मुख्य अट एकच: ज्या डॉक्टरांशीं व ज्या औषधाच्या दुकानाशीं ठरलें असेल त्यांच्याकडून बिल यावयाचें तें क्रमांकानें. क्रमांक कोणाचा हें फक्त डॉक्टरांना आणि एका निवृत्त सभासदांना ठाऊक. संचालकांनाहि नाहीं, अर्थात् मलाहि नाहीं.

सभेंत विरोध झाला. “ज्याला वेड लागलं नाही त्यानं पन्नास रुपये का द्यायचे?” असा प्रश्न एका ज्येष्ठ सभासदांनीं विचारला आणि हंशा पिकला. गणिताच्या सहकाऱ्यांनीं, ज्याचें घर जळलें नाहीं तो आगीचा हप्ता कां देतो, असा उलट प्रश्न केला. पण हंशापुढें गणित चालत नाहीं. ठराव पुढें ढकलावा असें मलाहि वाटूं लागलें होतें. तेव्हां मागच्या रांगेंतून प्राथमिक शाळेच्या एक बाई उठल्या. सभेंत त्या कधीं बोलल्याचें मला आठवत नाहीं. त्या म्हणाल्या, “माझ्या मिस्टरांचं औषध अकरा वर्षं चालू आहे. ते पण शिक्षकच आहेत. अकरा वर्षं मी प्रत्येक वेळी कर्जाच्या अर्जात घरदुरुस्ती लिहिते. तुम्ही कुणी आमचं घर बघायला आला नाहीत म्हणून बरं.” आणि त्या खालीं बसल्या. कोणी हंसलें नाहीं. ठराव संमत झाला, बहुमत मोठें नव्हतें.

निधि लहान आहे आणि त्यानें सर्व प्रश्न सुटले असें मुळींच नाहीं. दुर्धर आजाराला तो पुरणार नाहीं. त्यासाठीं सरकारनें कामगाराला दिला तसा विमा प्रत्येक शिक्षकाला, तासिकेवरच्यालाहि, दिला पाहिजे, आणि अर्जांतील तो रकाना प्रामाणिकपणाचा सांपळा होणार नाहीं अशी तजवीज केली पाहिजे. हें मागत राहणें आमचें कर्तव्य आहे. तोंपर्यंत मागच्या सहामाहीच्या हिशेबांत मीं पाहिलें, सतरा क्रमांकांना खर्च दिला गेला आहे. त्यांत माझा तो तरुण मित्र आहे कीं नाहीं हें मला ठाऊक नाहीं, आणि विचारण्याचा मला अधिकार नाहीं. मे महिन्याच्या रकान्यांतहि सतरा क्रमांक पूर्ण होते, एवढें मात्र मीं मुद्दाम पाहून घेतलें.